एका वर्षाची मुदत

सॉल्ट लेक, कोलकाता
शनिवार, दुपार

प्रिय मंजू,

तू फोनवर दर खेपेला समोरच्या फ्लॅटचं विचारतेस आणि मी दर खेपेला कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवते. खरंच एवढ्या शिट्ट्या झाल्या असत्या तर माझ्या डाळीचं पिठलं झालं असतं, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. त्या मालकीणबाईंना तू दिवाळीपर्यंत थांबवून ठेवलंयस, सांगलीत तुझ्या दारासमोर तुझ्या ताईचं दार असावं म्हणून. त्याचं उत्तर द्यायलाच हे पत्र लिहायला घेतलंय. पण मला ते एका ओळीत लिहिता येत नाही. आधी इकडचं तिकडचं सांगेन आणि मग मुद्द्यावर येईन. तुला माझी ही खोड जन्मापासून ठाऊक आहे.

तर, मी शिकवणीला जाते. हसू नकोस. पैसे कसे गुंतवावेत याची शिकवणी. नूपुरनं बंगळूरला बसल्या बसल्या माझं नाव घातलं आणि मग मला कळवलं. तिचं म्हणणं, बाबा गेल्यावर आईला निदान स्वतःच्या पावत्या वाचता आल्या पाहिजेत. पोरीचं चुकलं नाही. तुझे दाजी सगळं बघायचे आणि मी ते पेन्सिलीनं फुली मारून देतील तिथं सही करायचे. आमच्या ब्लॉकच्या कम्युनिटी हॉलमध्ये शनिवारी सकाळी वर्ग भरतो. सगळे माझ्यासारखेच, पांढऱ्या केसांचे. शिकवणारी पारमिता मात्र नूपुरच्या वयाची. बायकांना माशीमा म्हणते, पुरुषांना मेशोमोशाय म्हणते, आणि गृहपाठ केला नाही तर दोघांनाही सारखीच झापते.

पहिला दिवस तर अख्खा हिलसा माशात गेला. महागाई म्हणजे काय ते सांगायचं म्हणून तिनं विचारलं, की तुमच्या लग्नाच्या वर्षी हिलसा काय भावानं मिळायचा. झालं! बंगाली माणसाला हिलसाचं विचारायचं नसतं. पद्मेचा चांगला की गंगेचा, यावरून दोन मेशोमोशाय हातघाईवर आले. पारमितानं शांतपणे सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग एवढंच म्हणाली, की तुमचा पैसा निदान हिलसाच्या भावाइतका तरी वाढायला हवा, नाहीतर पासबुकातला आकडा फुगतो आणि ताटातला तुकडा लहान होतो. मला महागाई त्या दिवशी पहिल्यांदा कळली. मासा चाखायला लागून मला इतकी वर्षं झाली, त्याचा असाही उपयोग झाला. (हे सांगलीत कुणाला सांगू नकोस.)

पुढच्या शनिवारी तिनं सगळ्यांना आपापल्या ठेवी लिहायला लावल्या. रकमा नकोत म्हणाली, फक्त हा पैसा कशासाठी आहे आणि कधी लागणार आहे तेवढं लिहा. ही गुंतवणुकीची पहिली पायरी म्हणे. पैसा किती दिवस थांबू शकतो ते कळल्याशिवाय तो कुठं ठेवायचा हे ठरतच नाही. माझ्या शेजारच्या बाई भराभर लिहीत होत्या, मोतीबिंदू, नातीचं लग्न, पुरीची यात्रा. मी प्रत्येक ठेवीपुढं एकच लिहिलं, एक वर्ष. पारमितानं ते वाचलं आणि विचारलं, की माशीमा, सगळंच एका वर्षात का लागणार आहे? मी पटकन खरं तेच बोलून गेले, की बदली होईल ना, म्हणून. सगळा हॉल हसला. मीही हसले. पण हसता हसता मला एकदम कसंतरी झालं.

तू कायम सांगलीत राहिलीस, म्हणून तुला हे समजावून सांगायला हवं. सरकारी खात्यात बदल्यांची यादी उन्हाळ्यात लागते. दाजींचं नाव दरवर्षी यादीत येणार येणार असायचं. एकदा नागपूरची ऑर्डर हातात पडून रद्दसुद्धा झाली. म्हणून ते ठेव करायचे ती वर्षाचीच, पुन्हा भरायचे ती वर्षासाठीच, व्याज त्या वेळी जे असेल ते गुमान घ्यायचं. आणि ठेवींचं सोड गं, आम्ही सगळंच वर्षाच्या मुदतीनं केलं. सामानाचे लाकडी खोके पलंगाखालून कधी हलले नाहीत. पडदे दोरीवर. भिंतीला खिळा ठोकला नाही, उगाच निघताना भोक बुजवत बसायला नको. मी बंगाली बोलायला शिकले, पण वाचायला शिकले नाही, पुढच्या वर्षी कुठं उपयोग होणार म्हणून. बसच्या पाट्या अजून नंबरावरून ओळखते. नूपुर इथं जन्मली, शिकली, मराठीत बंगाली मिसळून बोलायला लागली, तरी आम्ही निघायच्या तयारीतच. दाजी निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, आता पुढच्या वर्षी सांगली. तेही आम्ही दरवर्षी पुढच्या वर्षावर टाकत राहिलो, आणि मग ते एकटेच निघून गेले.

वर्गातून घरी येताना मी रिक्षा केली नाही, चालत आले. सारखं मनात येत होतं, की आता बदली व्हायची ती कुणाची?

पुढच्या वर्गात मी पारमिताला विचारलं, की म्हणजे आमच्या ह्यांचं चुकलंच का. ती म्हणाली, मुळीच नाही, त्यांच्याच ठेवींवर तुमचं घर चाललंय. लवकर लागणाऱ्या पैशाला मुदत ठेवच बरी, फक्त लांबचा पैसाही त्यांनी जवळचा धरला. मला बरं वाटलं, दाजींची बाजू कुणीतरी घेतली म्हणून. मग तिनं पैशाचे वाटे करायला शिकवलं. घरखर्चाचा आणि दवाखान्याचा बँकेतच राहू द्यायचा, आणि जो दहा वर्षं लागणार नाही त्यातलाच थोडा म्युच्युअल फंडात, तोही बाजार पडला तरी झोप उडणार नाही इतकाच. मी या वयात दहा वर्षं असं लिहिलं, ते नूपुरला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आई, भालो, छान केलंस.

आज सकाळी पारमितानं पुढचा गृहपाठ वर्गातच करून घेतला. दहा वर्षांनंतरचा घरखर्च काढायचा. वर एक चौकट होती, गाव. खर्च कुठल्या गावात होणार ते आधी लिहा, कारण गावागणिक खर्च बदलतो. मंजू, तिथं सांगली लिहायचं असं मी घरून ठरवून गेले होते. तुझी शपथ. पेन टेकलं आणि मी कोलकाता लिहून मोकळी झाले. खोडायला गेले, पण खोडवेना.

म्हणून हे पत्र. समोरचा फ्लॅट सोडून दे. त्या बाईंना आता अडवून धरू नकोस. तुझ्या दारासमोर माझं दार नसणार याचं तुला काय वाटेल ते मला कळतं, कारण लिहिताना मलाही रडू येतंय. सकाळचा चहा आपण दोघींनी मिळून प्यायचा, हे तू दाजी गेले त्या दिवसापासून मनात धरलंयस. तुझ्या मायेत काही कमी नाही गं. मीच इथली झाले आहे, आणि ते मला इतक्या उशिरा कळलं. दाजींचा फोटो दोन वर्षं टेबलावर भिंतीला टेकून उभा होता. आज वर्गातून येताना खिळे आणले, घरमालकांची परवानगी घेतली आणि तो टांगला. थोडा तिरका आहे. तू रागव, फोन उचलू नकोस हवं तर, पण राग ओसरला की इकडं ये. आणि येशील तेव्हा परतीचं तिकीट काढू नकोस.

लांबून का होईना, तुझीच
ताई