सवतीचा वाफा

३ मे
आयरिसला कळ्या आल्या! कपडे वाळत घालायला मागे गेले तर भिंतीकडच्या वाफ्यात पात्यांमधून निळसर टोकं वर आलेली. काल नव्हती. निदान मला तरी दिसली नव्हती. डेझीही भरलीय. डे-लिलीचे दांडे गुडघ्याएवढे झालेत.
"अहो, बघितलंत का –" म्हणून हाक मारली. मोठ्याने. मग हातातला ओला टॉवेल पुन्हा पिळत बसले.
हे जाऊन तीन महिने होत आले. तोंडाला अजून कळत नाही.

५ मे
दुकानात एक आजोबा आले. चष्मा सारखा नाकावर घसरतो म्हणे. स्क्रू आवळला, दांडी गरम करून वाकवली, कानामागे नीट बसवून पाहिली. ह्यांच्या कानामागे नेहमी लाल चट्टा पडायचा. घरी जेवणाच्या टेबलावर मी दांडी सारखी करून द्यायचे, हे आंधळ्यासारखे हात पुढे करून बसायचे – "दे लवकर, भाजी दिसत नाही!"
मागच्या खोलीत जाऊन लेन्सचे डबे उगाच खालीवर केले. मालक म्हणाले, "ताई, बरं नसेल तर घरी जा."
घरी जाऊन काय करू!

८ मे
ठकीचा फोन. शनिवारी येतेय, ह्यांचे कपडे आवरायला. बापाने ठेवलेलं नाव, ठकी. आता नवऱ्यासोबत स्वतःच्या घरात राहते, तरी ठकीच. मी ह्या घरात आले तेव्हा सात वर्षांची होती. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं तिची. मला "काकू" म्हणाली, ते आजतागायत काकूच. वाईट कधी वागली नाही. पण मोजकं बोलते. अगदी बापासारखी.
फोन ठेवता ठेवता म्हणाली, "काकू, एक मागायचं होतं. भिंतीजवळची फुलझाडं मी नेऊ का? नव्या घरापुढे थोडी माती आहे."
"सगळी?"
"चालत असेल तर."
चालेल म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

९ मे
ठकीने आत्याला सांगितलेलं दिसतं. वन्संचा लगेच फोन. "द्या हो वहिनी तिला. थोरल्या वहिनींच्या हातची झाडं ती. पोरीला आईचं म्हणून दुसरं आहे काय?"
सगळे हेच म्हणत आलेत. घरी कुणीही आलं की त्या फुलांपाशी थांबायचं, माझ्याकडे बघून आवाज खाली आणायचा – "तिची ना ही?" सवतीचा वाफा इतका निगुतीने राखते म्हणून माझं कौतुकही व्हायचं. मी हसून चहा टाकायला आत.

१० मे
लिहूनच टाकते. कुणाला तरी माहीत असू दे.
ती झाडं थोरलीची नाहीत. तिची कुजली. मी लग्न होऊन यायच्या आधीचा हिवाळा घर बंद होतं, हे पोरीला घेऊन वन्संकडे राहत होते. नळ फुटला, वाफ्यात पाणी साचून राहिलं. मी आले आणि माती उकरून बघितली तर गड्ड्यांचा नुसता लगदा. वास यायचा. आणि ही पोर रोज शाळेतून आली की विचारायची, "आईची फुलं कधी येणार?"
भिंतीवरच्या तिच्या आईच्या फोटोत मागे ती फुलं होती. तो फोटो पर्समध्ये घातला आणि नर्सरीत गेले. म्हटलं, हीच द्या. दुसरी नकोत. एका दुपारी ठकी तापाने झोपली होती तेव्हा लावली. संध्याकाळी ह्यांना सांगितलं. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "राहू दे. तिला नको सांगूस."
फुलं आली त्या दिवशी पोर वाफ्यापाशी किती तरी वेळ उभी होती. आत आली, गपचूप जेवली. मला वाटलं, चला, भेटली हिला हिची आई.
हे होते तोवर माहीत असलेले दोघं होतो.

१२ मे
पहिलं फूल उमललं. बघायला मी एकटी.

१४ मे
नेली.
"अगं, फुलावर आलेलं झाड हलवू नये. मान टाकतं. उन्हाळा सरू दे," असं सांगून बघितलं.
"मग माझं यायचं राहून जाईल, काकू."
खरं बोलली. लागलं मला.
ह्यांचे शर्ट लवकर आवरले. हा ठेवू की देऊ, एवढंच काय ते बोलणं. मग दोघी मागे. ठकी कुदळ मुळापासून लांब लावत होती, मातीच्या गोळ्यासकट अलगद उचलत होती. "कुणी शिकवलं गं?" तर म्हणे, "बघून."
एकदा अगदी ओठांवर आलं होतं. अगं, नको नेऊस, माझी आहेत ती. मी आणलीत! पण मग तिच्याजवळ काय उरलं असतं?
"एखादं ठेवू का तुम्हाला?"
"ने सगळी." एक ठेवून काय करू? पोरीची आई अर्धी कापून घेऊ?
ओली पोती गुंडाळून गाडीत ठेवली. काच खाली करून म्हणाली, "येते." कोपऱ्यावर वळली.

१५ मे
कपडे पुढच्या दारी वाळत घातले. मागचं दार उघडलंच नाही.
आता कशाला येईल ती? बाप गेला. झाडं गेली. काकू कोण लागते?

१९ मे
ठकीचा फोन. दोन दिवस माना टाकल्या होत्या, आज धरली म्हणाली. डेझी तर हसतेय! मला इतकं हायसं वाटलं की बोलून गेले, "तुझ्या आईचा हात आहे बाई त्यांच्यावर."
पलीकडे नळ बंद केल्याचं ऐकू आलं.
मग म्हणाली, "आईची तर कुजली होती ना, काकू. तापात झोप कुठे लागते? मी वरच्या खिडकीत होते. तुम्ही गुडघ्यांवर बसून एकेक लावत होतात, फोटो मातीवर ठेवून. म्हणून तर मागितली. तुमची म्हणून."
"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"
"तुम्ही तरी कुठे बोललात?"