तीन शिट्ट्या, तीन दिवे

बाबा,

आज दुपारी आईने तुरीची डाळ कुकरला लावली आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद केला. यात कळवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही होतात तेव्हा तिला शिट्ट्या ऐकू यायच्या. आता येत नाहीत. कानातलं यंत्र आहे, पण एक्झॉस्ट फॅन लावला की त्यात नुसती घरघर होते, म्हणून ती ते काढून ठेवते आणि कुकर चढवून पुढच्या खोलीत भाजी निवडत बसते. पावसाळा संपता संपता एक दिवस कुकर कोरडा पडला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि ओट्यामागची भिंत जळक्या डाळीने माखली. दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, "दिवाळीले येतो तेव्हा गॅसच काढून टाकू. डबा लावून देऊ तिले." आईला फोनवरचं ऐकू आलं नाही, तिने माझा चेहरा वाचला. "काहून वं, काय म्हणून राहिला तो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी काय टीव्हीपुढं बसून डब्याची वाट पाहू? त्यापेक्षा मलेच काढून टाका ना बाप्पा."

मी दादाकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. वर्तमानपत्रात आयुष्य गेलं, ठरल्या वेळेला काम हातावेगळं करणं एवढं तरी मला येतं. म्हटलं, शिट्ट्या मोजणारं यंत्र बनवते. शिट्टी झाली की पुढच्या खोलीत एक दिवा लागेल, दुसरीला दुसरा, तिसरीला तिसरा, मग तिन्ही उघडझाप करतील. दादा मनापासून हसला. "तू बनवशील? तुले पाढे तरी येतात का वं?"

हे तो तुमच्याकडूनच शिकला. कोराडीच्या वीज केंद्राचं क्वार्टर मला आजही दिसतं. तुम्ही ड्युटीवरून आलेले आहात, बुटांवर राखेचा थर आहे, आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर आकाशकंदील मांडून बसले आहे. तुमच्या डब्यातला एक लाल एलईडी घेऊन मी तो सरळ नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावला आहे. तो क्षणभर फार सुंदर पेटला, मग 'टप्' झालं आणि जळका वास सुटला. तुम्ही बूटही न काढता विचारलंत, "रेझिस्टर कोणता लावला?" कोणाच्याही घरची कोणतीही वस्तू दुरुस्त होत असली की तुमचा पहिला प्रश्न हाच असायचा. करंट आवरणारा तो बारका तुकडा मी लावलाच नव्हता. मग तुम्ही खडूने फरशीवर आकडे लिहिलेत. बॅटरी इतकी, एलईडी इतका घेतो, उरलेल्याला करंटने भाग. मला तो भागाकार जमला नाही. दशांशचिन्ह माझ्या हातात कधी टिकलंच नाही. दादाने वाकून झटक्यात उत्तर लिहिलं. तुम्ही रागावला नाहीत, हेच जास्त लागलं. शांतपणे म्हणालात, "तुले साधा भागाकार येत नाही, पोरी. विजेच्या वाटेले जाऊ नको." आणि सोल्डरिंग गन कपाटातून काढून दादाला दिलीत. दहावीत गणितात काठावर पास झाले तेव्हा माझ्यासाठी जाडजूड शब्दकोश आणलात. "तुयं डोकं शब्दांचं आहे," म्हणालात. प्रेमानेच म्हणालात. त्या शब्दकोशावर मी पोट भरलं, ते नाकारत नाही.

पण बाबा, भागाकार येत नाही म्हणजे वीज कळत नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मला भागाकार आजही येत नाही. कॅल्क्युलेटरला येतो. रंगांच्या पट्ट्यांवरून रेझिस्टर ओळखायचा तक्ता मी फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे आणि पाठ करायला साफ नकार दिला आहे. बर्डीच्या बाजारात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तारा खोचायचा ब्रेडबोर्ड, माइकचा सेन्सर आणि प्रोग्रॅम घालायचा छोटा बोर्ड मागितला तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, बेटे का स्कूल प्रोजेक्ट है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, माँ का है." तो बिचारा सामान काढायला वळला. आणि प्रोग्रॅम म्हणजे काय, तर 'शिट्टी झाली तर दिवा लाव, नाहीतर थांब.' अशी वाक्यं मी जन्मभर लिहिली आहेत. फरक इतकाच की हा वाचक मेहेरबानी करत नाही. मोघम लिहिलं की मोघमच वागतो.

पहिल्या दिवशी तसंच झालं. आईने डाळ चढवली, पहिली शिट्टी झाली आणि तिन्ही दिवे एकदम पेटले. आईने इमानदारीने गॅस बंद केला. ताटात डाळ वेगळी, पाणी वेगळं. "तुया दिव्यानं मले कच्ची डाळ खाऊ घातली वं," ती म्हणाली, तरी तिने ती खाल्ली. दादाला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं: "सोड ना. डबेवाली बाई चांगली आहे."

दोन दिवस मी त्या बोर्डापुढे बसून होते. यंत्र बिघडलेलं नव्हतं. शिट्टी चांगली काही सेकंद चालते; यंत्र तेवढ्यात शेकडो वेळा कान लावतं आणि प्रत्येक वेळी नवी शिट्टी समजून मोजतं. इंटरनेटवर कोणीतरी आवाज गाळायचं सूत्र दिलं होतं, पानभर चिन्हं. मी ते पान बंद केलं आणि ओट्याशी जाऊन कुकरपुढे स्टूल टाकून बसले. शिट्टी होते, मग कुकर बराच वेळ गप्प असतो. तेवढंच पुरे होतं. मी लिहिलं: एकदा शिट्टी ऐकलीस की वीस सेकंद बहिरा हो. मग पुन्हा ऐकायला लाग.

हे लिहिताना तुम्ही आठवलात, बाबा. तुम्हीही असंच केलंत. त्या संध्याकाळी मला एकदा ऐकलंत आणि मग बहिरे झालात. चूक त्यात नव्हती; दिवसभर टर्बाइनच्या आवाजात काढलेल्या माणसाने घरी थोडा वेळ कान मिटले तर कोण काय म्हणेल? चूक पुढची होती. पुन्हा ऐकायला लागण्याची ओळ तुमच्यात कोणी लिहिलीच नव्हती. माझ्या यंत्रात मी ती लिहिली. आता ते मोजण्यात चुकत नाही.

दादा आला तो नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. गॅस काढायचं मनात होतंच. आईने त्याला पुढच्या खोलीत बसवलं, "आता इथंच बस, बोलू नको," म्हणाली, आणि दोघं भिंतीकडे बघत बसले. पहिला दिवा. बराच वेळ गेला. दुसरा. वरच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर वाजला, पण आमचे दिवे हलले नाहीत. लांबचे आवाज त्याने धरू नयेत म्हणून सेन्सरचा स्क्रू मी आधीच पिळला होता. मग तिसरा, आणि तिन्ही उघडझाप करायला लागले. आई उठली, गॅस बंद करून आली आणि दादाला म्हणाली, "जेवाले बस." दादाने बोटाने वरण चेपून पाहिलं. मऊ शिजलं होतं. "हे रेडिमेड कुठं भेटते वं?" त्याने विचारलं. "भेटत नाही," मी म्हटलं. गॅसचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. टेबलाच्या खणात, उरलेल्या एलईडींच्या पुडीखाली राहील. एकच गोष्ट तेवढी कबूल करायची आहे. सगळ्यांनी ते यंत्र पाहिलं. शेजारच्यांनी वाहवा केली, दादाने व्हिडिओ काढला, आई येईल त्याला दिवे दाखवते. पण रेझिस्टर कोणता लावला, हे एकानेही विचारलं नाही. मी वाट पाहत होते. उत्तर अजून तयार ठेवलं आहे. दोनशे वीस ओहम, बाबा. प्रत्येक दिव्याला एक.