जॉबर मरत नाही

अप्पा, तुम्हाला सध्या लई शिव्या पडायल्यात. साध्यासुध्या नाहीत, जगभरातून, ज्यांची नावंही तुम्हाला माहीत नसतील अशा भाषांतून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता कुठकुठल्या देशांतली पोरं खुर्चीतून उठून किंचाळतायत, की हा म्हातारा मरत का नाही! त्यांना मी काय सांगू? लहानपणी मीही तेच विचारायचे, फक्त मनातल्या मनात.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही नेहमीसारखी मान हलवाल आणि तुम्हाला कळलेलं काहीच नसेल. मी कॉम्प्युटरवरचे खेळ लिहिते. हा पोटापाण्याचा धंदा आहे हे तुम्हाला पटवायचं म्हणजे कप्पाळ माझं. सात रस्त्याजवळच्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमधून तुम्ही मला वेणीला धरून बाहेर काढलं होतंत, आठवतं? अंगावर शाळेचा ड्रेस, रस्त्यावर ओळखीची माणसं, आणि घराचा उंबरा येईपर्यंत तुम्ही वेणी सोडली नाहीत. "पुन्हा त्या डबड्यापुढं दिसलीस तर हात मोडून हातात देईन," म्हणालात. हात शाबूत राहिले. त्याच हातांनी आता त्या डबड्यात कुणी कुणाला कसं मारायचं ते मी लिहिते, आणि त्याचा पगार घेते.

आमच्या पहिल्या खेळात जग जळून गेलेलं आहे. उरलीसुरली माणसं राखेत जगतात. खेळणारा आपलं एक पात्र घडवतो, त्याच्या हातात हत्यार देतो, कुणाशी गोड बोलायचं आणि कुणाचा गळा कापायचा हे स्वतः ठरवतो, आणि तशी गोष्ट वळत जाते. त्या राखेत मी एक गाव वसवलं. तिथं अजून माग चालतात, कारण धुळीतून श्वास घ्यायचा तर तोंडाला जाड टॉवेल बांधावा लागतो. ज्याच्या हातात टॉवेल त्याच्या हातात गाव. आणि गावाचा धनी कोण, तर तुमच्यासारखा एक जॉबर. माग बिघडला की तो दुरुस्त करणाऱ्या माणसाला जॉबर म्हणतात हे जगाला माझ्यामुळं कळलं. चौकडीचा शर्ट, खिशात पाना, उजव्या मुठीला गुंडाळलेला मागाचा चामडी पट्टा. चेहरे काढणाऱ्या आमच्या बाईला मी तुमचा फोटो दिला होता. गावातून बाहेर पडायचं तर जॉबरला मारावंच लागायचं. लोकांनी तुम्हाला कोयत्यानं मारलं, जाळलं, मागाच्या दातेरी चाकांत घालून मारलं, आणि त्याचे व्हिडिओ काढून टाकले. मी ते व्हिडिओ बघत जेवायचे. दोन घास जास्त जायचे, खोटं कशाला बोलू.

खेळ चालला, तेव्हा दुसरा भाग करायचं ठरलं. आणि दुसरा भाग लिहायला बसले तर माझं डोकंच फिरलं. असं एका घावात मरायला बाप म्हणजे काय डास आहे? मला विचारा. तुम्ही गेलात आणि तरी मी दाराची कडी वाजली की पाठ आवळून घेत होते. म्हणून दुसऱ्या भागात मी तुम्हाला परत आणलं आणि अमर केलं. जॉबर खेळणाऱ्याच्या मागं मागं चालत येतो, कुठूनही येतो, मागून पट्टा हाणतो आणि प्रत्येक फटक्याला एकच शब्द विचारतो: "जाशील?" कितीही कापा, जाळा, तो उठतो. फक्त पळत राहायचं. पुण्यातला माझा भागीदार, जो आमच्या छोट्या टोळीचा सगळा व्यवहार बघतो, तो म्हणाला, लोकांना हे झेपणार नाही. मी म्हटलं, मला झेपलं की.

बाजारात आला त्या दिवशी सकाळी समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. धाडसी आहे, अंगावर येतं, वगैरे. संध्याकाळपर्यंत खेळणाऱ्यांनी आपटला. पहिल्यांदा वाटलं त्यांना, ही चूक राहिलीय खेळात. मग कळलं की मुद्दाम केलंय, आणि मग जे तोंड सुटलं त्यांचं! पैसे परत द्या. हा खेळ आहे का शिक्षा. एकानं लिहिलं, ही लिहिणारी बाई सापडली तर तिलाच पट्ट्यानं फोडून काढा, आणि त्याखाली हसणाऱ्यांची ही रांग. एकानं माझा फोटो शोधला आणि त्याखाली तुमचा शब्द लिहिला: जाशील? मग सगळेच लिहायला लागले. फोन उघडला की जाशील, जाशील, जाशील. तुमच्या तोंडचा शब्द, अप्पा, रशियातला माणूस मला रोमन अक्षरांत लिहितोय.

भागीदाराचा फोन आला. "सोमवारपर्यंत जॉबर मरायला पाहिजे. नाहीतर आपण मरतो." त्याचं बरोबर होतं, टोळीतल्या सगळ्यांची पोटं त्या खेळावर. मी म्हटलं, ठीक आहे, मारते. लॅपटॉप उचलला आणि कुंभारीला आईकडं आले, विडी कामगारांच्या वसाहतीतल्या घरी. पुण्यात बसून तुम्हाला मारायला हात धजेना.

आता त्या पार्लरच्या दिवसाचं पुढचं सांगते, कारण तुम्ही ते विसरला असाल आणि मी नाही. घरी आणून तुम्ही मला स्वयंपाकघरात ढकललंत. खुंटीवर मागाचा झिजलेला पट्टा होता, तो घेतलात. मी भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून, दोन्ही हात डोक्यावर. पहिला फटका बसतो आणि तुम्ही विचारता, "जाशील?" मी भिंतीत तोंड खुपसून ओरडते, नाही जाणार अप्पा, पुरे. दुसरा बसतो. "जाशील?" नाही, नाही जाणार. फळीवरचे डबे थरथरतायत. ड्रेस फाटला, मग कातडी. तुम्ही विचारतच राहिलात आणि मी सांगतच राहिले, घसा फुटेपर्यंत. शेजारपाजारच्यांनी ऐकलं. अख्ख्या गल्लीला माझं उत्तर कळलं, एक तुम्ही सोडून. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला उत्तर नकोच आहे, याला फक्त मारायचं आहे.

आणि तरी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तुमच्या टॉवेलच्या कारखान्यात मीच आले, पाठीला हळद लावून. आत मागांचा असा खडखडाट की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही. तिथली रीत मला चालायला लागल्यापासून पाठ. कुणाला मागून हाक मारायची नाही, मागून हात लावायचा नाही. माणूस दचकला तर त्याचा हात मागात जातो. वळसा घालून समोर जायचं, तोंडासमोर उभं राहायचं, पंजा उघडा करून वर धरायचा. मग समोरचा थांबतो, माग बंद करतो, आपल्या ओठांकडं बघतो. मी समोर उभी राहिले, पंजा वर केला. तुम्ही लगेच थांबलात. डबा घेतलात आणि खिशातून एक झिजलेला धोटा, मागात सूत इकडून तिकडं नेणारा लाकडी तुकडा, काढून माझ्या हातात दिलात. त्याला खाली सुताच्या रिकाम्या कांड्यांची चाकं लावून गाडी केली होतीत. मऊ घासलेली, एक कुसळ लागू नये अशी. मी ती गाडी रात्री चुलीत घातली. आईनं बघितलं.

तर इथं आल्यावर एका दुपारी आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली, आणि मी शेजारी बसून तुम्हाला मारायच्या कामाला लागलेली. पडद्यावर माझं पात्र पळतंय, तुम्ही मागून येताय, पट्टा हाणताय. जाशील? तिनं पडद्याकडं बघितलं, हातातलं पान तसंच राहिलं. तुमचा चेहरा ओळखला तिनं. मला वाटलं आता रडेल, नाहीतर मलाच शिव्या देईल. ती म्हणाली, "अगं, पाठ कशाला दावायलीस त्यांना? तोंड कर की त्यांच्याकडं."

"तोंड करून काय होणार आहे?"

"काय म्हंजे? पाठमोरं बोललेलं त्यांना कुटं ऐकू येतंय? जाशील का म्हणून इचारायलेत न्हवं? तुजं उत्तर दिसाया नको व्हय?"

मी म्हटलं, थोडं कमी ऐकू यायचं, मला माहितीये, मागावरच्या सगळ्यांनाच कमी यायचं. ती म्हणाली, "कमी न्हाय गं. काय सुदिक येत न्हवतं. तुज्या जन्माआधीच गेलं हुतं. ओठ बघून चालवायचे. मालकाला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं."

अप्पा, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ओठ वाचण्यात इतके तयार की पोटच्या पोरीला पत्ता लागला नाही. मान हलवायचात, हसायचात, आमच्या तोंडाकडं टक लावून बघायचात, आणि मी समजायचे की धाक दाखवताय. कुंभारीच्या रस्त्यावर ट्रकनं तुम्हाला मागून उडवलं तेव्हा ड्रायव्हर पाया पडून सांगत होता, मी हॉर्न मारतच होतो, ते हललेच नाहीत. मी मनात म्हटलं होतं, हा माणूस कधी कुणासाठी बाजूला झालाय?

मी आईवर ओरडले. तुला माहीत होतं, मग मला का नाही सांगितलंस? माझ्या पाठीची सालटी निघत होती तेव्हा तू काय करत होतीस? ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली आणि दारात जाऊन तिनं हात केला. कारखान्यातला हात. पंजा वर, मग बोट गोल फिरवून: वळ, समोर हो. "हे करत हुते," म्हणाली. "हितनंच. मधी पडले तवा पट्टा तोंडाला लागून दात गेला, मग हितनं करत हुते. तू डोळं मिटून भिंतीला. बघशील तर कळंल की."

"नंतर सांगायचंस."

"नंतर तू माज्याशी बोलत कुटं हुतीस? आन् तुज्या तोंडातनं भाईर गेलं असतं तर चूल बंद." एवढं बोलून ती परत विडी वळायला बसली, आणि एकामागून एक पानं फाटायला लागली.

मला तिचाही राग आला, तुमचाही आला, आणि अजून आहे. बहिरे होतात म्हणून काय मी तुमची आरती ओवाळू? ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना? मग खांद्याला धरून मला वळवायचं होतंत. एवढ्याशा पोरीला वळवायला कितीशी ताकद लागते? वेणी धरून अख्खा रस्ता ओढायला पुरली तेवढी पुष्कळ होती. कारखान्यात परक्या माणसाचं बोट वाचावं म्हणून तुम्ही वळसा घालून समोर जायचात. घरात वळसा घालायला दोन पावलंसुद्धा लागली नसती.

सोमवारी नवी दुरुस्ती बाजारात गेली. आता जॉबर मरतो, पण एकाच रीतीनं. पळायचं थांबवून वळायचं, हत्यार जमिनीवर ठेवायचं, पंजा वर करायचा. मग तो थांबतो, पट्टा त्याच्या हातातून गळून पडतो, आणि तो खेळणाऱ्याच्या तोंडाकडं बघत उभा राहतो. त्यानंतर त्याला मारायचं की तसंच सोडून पुढं जायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. भागीदारानं विचारलं, सोडलं तर खेळणाऱ्याला काय मिळतं? मी म्हटलं, डोंबल मिळतं, तो थांबतो ना, तेवढंच. पुन्हा धुमाकूळ झाला. मारकुट्या बापाला माफी द्यायला सांगते म्हणून नवे लोक तुटून पडले. जुन्यांतले काही गप्प झाले. एका बाईनं लिहिलं की पंजा वर करायला तिला अख्खा रविवार लागला, आणि तो थांबल्यावर ती लॅपटॉप बंद करून बाहेर जाऊन बसली. मी तिला उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं.

हे पत्र टाकायचं कुठं, तर कुठं नाही. राहील इथंच, आईच्या तेंदूपानांच्या पोत्याशेजारी. पण एक गोष्ट तुम्हालाच सांगायला पाहिजे, दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. काल दुपारी मी स्वतः खेळले. आई बाजूला होती. तुम्ही मागून आलात, विचारलंत, जाशील? मी वळले. हत्यार ठेवलं, पंजा वर केला. तुम्ही थांबलात, पट्टा सुटला, आणि तुम्ही माझ्या ओठांकडं बघत राहिलात, मी काय म्हणते म्हणून. मग मी खाली वाकले, हत्यार उचललं आणि तुम्हाला मारायला सुरुवात केली. आई म्हणाली, "पुरे गं." माझे कान चांगले आहेत, अप्पा. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं. तरी मी थांबले नाही.