म्हशीने तुडवलेला कोपरा

५ मे
आजपासून शांतता. कोकिळा पाचोऱ्याला भावाकडे निघून गेली, कारण एक मिक्सर. तो मी फेकला, पण भिंतीवर, तिच्यावर नाही. बायकांना फरक कळत नाही. फोनवर म्हणाली, तुमचा राग गेला तरच नांदायला येईन. म्हणून घरामागे तळं. प्लास्टिक नाही, मातीच्या अस्तराचं, नॅचरल. बेडूक, चतुर, खंड्या. तळ्याकाठी बसणारा माणूस हात उचलत नाही.

८ मे
खड्डा झाला. कुदळीचा दांडा मोडला, म्हणून कुदळ भिरकावली. शेजारच्या लोटनच्या पत्र्यावर पडली. तो बोंबलला. मी शांतपणे शिव्या दिल्या.

११ मे
चिकणमाती अंथरली. व्हिडिओत म्हणे ओली करून पायांनी तुडवा. वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस चिखलात नाचणार? हॅट! कोरडीच ठोकली, धुम्मसाने. प्रत्येक ठोका मेहुण्याच्या नावाने. राग जवळजवळ संपला.

१२ मे, संध्याकाळ
सकाळी भरलेलं पाणी गायब. तळाला भेगा. मोटरीला लाथ घातली. अंगठा सुजला.

१५ मे
लोटनची म्हैस माझ्या तळ्यात! पाणी सोडलेल्या कोपऱ्यात लोळून, तुडवून पार लापशी केलेली. पाठीत काठ्या घातल्या. लोटन धावत आला, म्हणे, भाऊ, तिले मारू नका, ती माती तुडी राहिनी. त्यालाही एक ठेवून दिली. त्याने दोन दिल्या. भुवईला टाके. डॉक्टर म्हणाले बीपी वाढलंय. टाक्यांमुळे असणार.

१९ मे
कोपऱ्यात पाणी टिकलं! माझ्या ठोकण्याला उशिरा का होईना यश. बेडूकही आला. कोकिळाला फोन केला.

२० मे
आली. बेडकाकडे बघून हसली. किती दिवसांनी हसली! पिशवी ओट्यावर ठेवली. मला भरून आलं. म्हटलं, बस, माझा राग कसा गेला ते सांगतो. सुरुवात केली तर बेडूक डराव. थांबलो. पुन्हा सुरुवात, पुन्हा डराव. धुम्मस हाताशीच होतं.
बेडूक वाचला. अस्तर फुटलं, पाणी गेलं. कोकिळाने पिशवी उचलली.

२२ मे
बेडूक लोटनच्या हौदात मुक्कामाला. कोकिळा माझा फोन उचलत नाही. लोटनच्या बायकोला, लताबाईला, मात्र तिचा फोन आला होता. कुंपणापलीकडून लताबाईनेच सांगितलं. म्हशीच्या पाठीला हळद लावली का, दुखतंय का तिला, असं विचारत होती.
मी विचारलं, आणखी काही?
लताबाई म्हणाली, नाही.