तीन थेंब, तीस थेंब

४ ऑगस्ट १९५६
आज दवाखान्यात एकशे बारा बाटल्या भरल्या! रांग संपली तेव्हा हिवतापावरचं कोयनेलचं मिश्रणही तळाला गेलं होतं. प्रत्येक बाटलीवर कागदाची पट्टी मीच कातरून चिकटवली – एक खाच, एक डोस. इथं वाचता येणारे थोडे; खाच सगळ्यांना कळते. सागाच्या डेपोवरचा इस्तारी म्हणाला, "लटारूभाऊ, तुमची पट्टी पाह्यली का अर्धा ताप उतरते." हसण्यावारी नेलं. पण छाती फुगली – खोटं कशाला लिहू!

६ ऑगस्ट
सुगंधाबाईच्या दोन वर्षांच्या पोरीला डांग्या खोकला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बेलाडोनाच्या विषारी अर्काचे तीस थेंब! एका वेळेला! मोठ्या माणसालाही जड जाईल. औषध दिलं नाही.

सुगंधाबाई रडकुंडीला. "काऊन देत नाई भाऊ? खोकून खोकून निळी पडून राह्यली पोरगी!" तिला बाकावर बसवलं, चिठ्ठी घेऊन आत गेलो.

डॉक्टर भडकले. "कंपाउंडर मला शिकवणार?"

"नाही साहेब. पण माझ्या हातानं हे भरणार नाही."

त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. मग लेखणी उचलून तीसमधलं शून्य खोडलं.

तीन थेंबांचं औषध भरून दिलं. खाचा कातरून पट्टी चिकटवली.

११ ऑगस्ट
पोरीची उबळ कमी!

१३ ऑगस्ट
डॉक्टर रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "चिठ्ठी लटारूरावांच्या नजरेखालून जाऊ द्या." लटारूराव! चौदा वर्षांत पहिल्यांदा.

१९ ऑगस्ट
मेव्हण्याचं पत्र. नागपूरला औषधांच्या मोठ्या दुकानात माझ्यासाठी जागा आहे. डोक्यावर पंखा, काचेची कपाटं. बायकोनं, वच्छलानं, दोनदा वाचायला लावलं. "मंग? जाता का नाई?"

म्हटलं, तिथं तयार बाटल्या उचलून द्यायच्या. मला घोटायला, मोजायला, गाळायला पाहिजे. आणि इथली माणसं?

ती तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "लिवा मंग, येत नाई म्हनून."

लिहिलं. झोप छान लागेल आज.

२ सप्टेंबर
मापाच्या पेल्यावरच्या रेघा आज पुन्हा दोन-दोन दिसल्या. आठवड्यात तिसऱ्यांदा. कोणाचं काही बिघडलं नाही, कोणाला कळलंही नाही. दुपारी मीच डॉक्टरांना अर्ज दिला – डोळे तपासून येईपर्यंत मला औषध भरू देऊ नये. कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.