चार महिन्यांनी थोरला

औसा, गुरुवार, २४ जुलै १९८६

तीर्थस्वरूप श्रीपाददादांच्या पायी धाकट्या चुलतभावाचा, रेणुकादासाचा नमस्कार.

पाण्याची बाब वगळता आम्ही येथे खुशाल आहोत. आपली पाठ कशी आहे? सौदामिनीवहिनींचा दमा या कोरड्या हवेत उलट कमी झाला असेल असे चंद्रप्रभा म्हणते. (दुष्काळाचा कोणाला तरी उपयोग व्हावा, एवढीच तिची इच्छा.) जूनमध्ये आपण मुख्याध्यापक झालात, त्याचे पेढे शिवप्पा कंडक्टरच्या हाती पोचले. चिठ्ठीत सोळा लिहिले होते, डब्यात अकरा निघाले. शिवप्पा म्हणतो, नांदेडहून लातूरपर्यंत रस्ता फार खराब आहे. तीस वर्षे वाट पाहून मिळालेली ती खुर्ची आपल्याला लाभो.

आता सावकाश बसून वाचा, कारण मुद्द्यावर यायला मला वेळ लागणार आहे. आपल्या घरी टीव्ही नाही आणि तो नसण्याचा आपल्याला अभिमान आहे, म्हणून सगळे मुळापासून सांगतो. येथे मोंढ्याच्या बाजारातले भुसारवाले विरूपाक्षप्पा यांनी गेल्या दिवाळीत टीव्ही घेतला. दर रविवारी सकाळी त्यावर 'यान क्रमांक सात' नावाची विज्ञान मालिका लागते. ती पाहायला मी, शिवप्पा (त्याची ड्युटी रविवारी दुपारची असते, किंवा तो ती दुपारची करून घेतो) आणि घरची मंडळी असे पोत्यांवर टेकून बसतो. मालिका हिंदी आहे, पण आपल्याला निजामाच्या कृपेने हिंदी समजायला अडचण नाही. विज्ञान समजायला आहे. म्हणून मालिका अर्धा तास चालते आणि तिची चर्चा आठवडाभर चालते. गणिताचा मास्तर म्हणून चर्चेत शेवटचा शब्द माझा असतो, असे निदान मी धरून चालतो.

परवाच्या रविवारचा भाग काळात मागे जाण्याचा होता. त्यातले प्रोफेसर यंत्रात बसून तीस वर्षे मागे जातात, कारण तेव्हा त्यांची प्रयोगशाळा जळाली होती आणि ती आग त्यांना वेळेवर विझवायची असते. जातात, पोचतात, ठिणगी पडलेली दिसते, हातात पाण्याची बादली घेतात. तेवढ्यात त्यांना आठवते की याच आगीत आपला हात भाजला होता, पट्टी बांधायला एक नर्स आली होती आणि तीच पुढे आपली बायको झाली. आग विझवली तर संसार जातो, न विझवली तर प्रयोगशाळा जाते. प्रोफेसर बादली धरून उभे, घामाघूम. इकडे विरूपाक्षप्पा घामाघूम, पण वेगळ्या कारणाने. बादली काठोकाठ भरलेली होती आणि प्रोफेसर एक पाऊल पुढे, एक मागे करत असल्याने पाणी हिंदकळून सांडत होते. आठ दिवसांत आमच्या गल्लीला टँकर आलेला नव्हता. ते ओरडले, "आरं, खाली ठिव आदी ती बादली!" आणि लाईट गेली.

ती आली तेव्हा शेतीचा कार्यक्रम चालू होता. मग काय, सोमवारपासून दुकानात रोज संध्याकाळी बैठक. विरूपाक्षप्पांचे म्हणणे असे की यंत्र मिळाले तर आपण अकरा वर्षे मागे जाऊ, त्या वर्षी विहिरी तुडुंब होत्या, तिथून टँकर भरून आणू. शिवप्पाने हरकत घेतली. टँकरवर 'लातूर जिल्हा' असे रंगवलेले आहे आणि तेव्हा लातूर जिल्हाच नव्हता, आपण उस्मानाबादेत होतो. तेव्हाचा पोलीस विचारील, हा जिल्हा कुठला? मी म्हणालो की अकरा वर्षांपूर्वीचे पाणी उपसले तर तेव्हाचे लोक तहानेले राहतील, आणि त्या लोकांत आपणही होतो. म्हणजे आपण आपल्याच विहिरीवर दरोडा घालायचा. विरूपाक्षप्पा म्हणाले, मग थोडेच आणू. त्यांच्या पत्नी नीलाबाई कोपऱ्यात तूर निवडत बसलेल्या असतात. त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी एवढेच म्हणाल्या, "आग इजवली तर बायको जाती म्हंता. मंग इजवावी का न्हाई, हे त्येनं बायकोला इचारलं का?" यावर आम्ही चहा मागवला.

आता मुद्दा. त्याच सोमवारी मला शाळेत एक सरकारी कागद आला. नवा जिल्हा झाल्यावर आमच्या नोकरीचे जुने दप्तर उस्मानाबादेहून लातुरास एका कचेरीत आले. तिथे त्याची तपासणी चालू आहे. कागदात लिहिले आहे की माझा जन्म एप्रिल १९२८चा असून अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होऊन मी ३० एप्रिल १९८६ रोजी सेवानिवृत्त झालेलो आहे. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी मी घरी गेलो आणि ही गोष्ट मला कोणी कळवली नाही. वर्गात कागद वाचला तर पंचशीला नावाच्या मुलीने उभे राहून विचारले, "सर, मग जूनपासून आम्हाला कोणी शिकवलं?" दुकानात तर आनंदीआनंद झाला. शिवप्पा म्हणाला, यंत्रबिंत कशाला पाहिजे, मास्तर बसल्या जागी वर्षभर पुढे जाऊन आले.

बुधवारी रजा काढून लातूर गाठले. कचेरीतला कारकून पंचविशीतला, नम्र, पश्चिम महाराष्ट्रातला, फसली सन कधी न ऐकलेला. माझा जुना दाखला निजामाच्या काळातला, उर्दूत, जन्म खुरदाद १३३८ फसली. आपल्याला सांगायला नको की फसली सनाचे इसवी करताना आजूर, दय, बहमन या पहिल्या तीन महिन्यांना ५९० मिळवायचे आणि पुढच्या नऊ महिन्यांना ५९१. खुरदाद सातवा, म्हणजे १९२९. पण त्या मुलाला जो तक्ता मिळाला तो वाटेत फाटलेला, त्यात वरची एकच ओळ शाबूत. त्याने सगळ्यांना ५९० मिळवले. किती मास्तर असे वर्षाने म्हातारे झाले असतील, देव जाणे. मी त्याला नियम समजावला, फळ्यावर लिहावा तसा टेबलावर खडूने लिहून दाखवला (खडू खिशात असतोच). त्याने उतरवून घेतला, आभार मानले आणि म्हणाला की नुसत्या नियमावर दुरुस्ती होत नाही. जन्माची माहिती असलेल्या, वयाने वडील अशा रक्ताच्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र पाहिजे, सोबत त्या नातेवाइकाचा शाळेचा दाखला.

असा वडील नातेवाईक जगात एकच उरला आहे. आपण माझ्याहून आठ महिन्यांनी थोरले, हे सत्तावन्न वर्षांत आपण मला एक दिवस विसरू दिलेले नाही. त्या आठ महिन्यांच्या जोरावर आपण पुरणपोळी पहिली घेतलीत, बैलगाडीत पुढे बसलात, माझ्या लग्नात माझ्याऐवजी भाषण केलेत. सध्या कचेरीच्या हिशेबाने मी आपल्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा आहे. सबब, हे लवकर मिटवणे आपल्याही हिताचे आहे.

थट्टा बाजूला ठेवतो. दादा, मला हे वर्ष पाहिजे. पाचवीपासून हाताखाली वाढलेल्या बारा मुली यंदा दहावीला आहेत. गणिताला घाबरून शाळा सोडणाऱ्या मुली होत्या त्या, एकेकीच्या घरी जाऊन मी परत आणल्या. मार्चपर्यंत त्यांच्या वर्गात उभे राहायचे आहे, बाकी काही नको. तरी आपण येत्या बुधवारी नांदेडहून पहिल्या गाडीने निघावे. शिवप्पा जागा धरून ठेवील. वहिनींस नमस्कार.

आपला (दुरुस्तीनंतर) धाकटा,
रेणुकादास

ता.क. शनिवार. पत्र अजून टाकलेले नाही. टाकण्याआधी मंडळींना वाचून दाखवावे म्हटले. विरूपाक्षप्पांना पुरणपोळीची ओळ आवडली. नीलाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "दाखला त्यांचाबी लावायचा म्हंता. त्येच्यावर काय तारीख हाय, मास्तर?"

दादा, अठ्ठेचाळीस वर्षांत ही गोष्ट मला एकदाही आठवली नव्हती. मुखेडहून आपल्या दोघांना नांदेडच्या बोर्डिंगात घालायला माझे वडील घेऊन गेले होते. तिथे दहा वर्षांच्या आतलाच मुलगा घेत. मी साडेनऊचा, आपण सव्वादहाचे. काका नुकतेच वारले होते, आपण वडिलांचा सदरा धरून उभे होता. वडील आयुष्यात खोटे बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना प्रमाण कळले नाही. चार महिने कमी सांगायचे ते बोर्डिंगच्या मौलवीसाहेबांना त्यांनी सरळ दोन वर्षे कमी सांगितली. म्हणून आपण दोघे एका खोलीत राहिलो, एका बाकावर बसलो.

म्हणजे आपल्या दाखल्यावर १९३० आहे, कागदोपत्री आपण माझ्याहून धाकटे. वडील म्हणून प्रतिज्ञापत्र खरे केले, तर आपलेही खरे वय उघडे पडून आपण येत्या ऑगस्टअखेर घरी. मला एक वर्ष मिळणार, आपली दोन जाणार, आणि ती खुर्ची जेमतेम अडीच महिने मिळाल्यासारखी होणार. वाईट याचे वाटते की आपण हे सगळे लक्षात ठेवूनही पहिल्या गाडीने आला असता. मी ओळखून आहे आपल्याला.

दुसरा ता.क. सोमवार. बुधवारी येऊ नका. काल लाईट होती. नवा भाग भलत्याच ग्रहावरचा निघाला, पण सुरुवातीला प्रोफेसर घरी बसले होते आणि बायको त्यांना चहा देत होती. त्यावरून बादली ओतलेली नाही असे ठरले. पाणी वाचले म्हणून विरूपाक्षप्पा खूश आहेत. आज लातुरास जाऊन मी निवृत्तीच्या कागदावर सही केली. वर्गातून निघताना खडू मात्र खिशातच ठेवला. मुली उद्यापासून सकाळी सातला भुसार दुकानाच्या माडीवर येणार आहेत. माडी नीलाबाईंनी स्वतः झाडून दिली. फळा मिळाला, डस्टरला पाणी नाही.

तिसरा ता.क. एक कबुली राहिली. कारकून म्हणाला, प्रतिज्ञापत्र का जोडत नाही याचे कारण लेखी द्या. मी लिहून दिले, 'माझ्याहून वयाने वडील असे कोणीही नातेवाईक आता हयात नाहीत.' त्याने वाचून हळहळ व्यक्त केली, आणि मलाही पाच मिनिटे मान खाली घालून बसावे लागले. चंद्रप्रभेला सांगितले तर ती आधी रागावली, मग रडली, मग देवापुढे साखर ठेवून म्हणाली की खोट्या मरणाने माणसाचे आयुष्य वाढते. तेव्हा क्षमा करा, आणि माझे मागणे आता एवढेच आहे. पाठ सांभाळा, औषधे वेळेवर घ्या, पुष्कळ वर्षे जगा. आयुष्यात मी एकच खोटा अर्ज केला आहे, तो खरा झालेला मला चालणार नाही.