पाद्रींच्या शाळेत हणमंत

हुबळी, जून १९३४

चि. सौ. वेणू हिस आशीर्वाद.

आईचा खोकला कसा आहे? तिला सोडून तुला इकडे येता येत नाही, म्हणून आधी तेच विचारतो.

आपला हणमंत सोमवारपासून पाद्रींच्या शाळेत पाचवीला जातो. फी नाही, पुस्तकंही तेच देतात. गावात लोक काय बोलतील ते मला ठाऊक आहे. म्हणून मी मोठ्या पाद्रींना सरळच विचारलं, "पोराला बाटवणार नाही ना?"

ते रागावले नाहीत. मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाले, "प्रार्थनेला नुसता गप्प उभा राहिला तरी चालेल. गणित मात्र करायला हवं."

तरी मन थाऱ्यावर नाही. रेल्वेच्या कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली, की मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहायचो. काल तो पोरांच्या घोळक्यात कानडीत बोलत हसत होता. मला बघून धावत आला. वाटलं, घरी चला म्हणेल.

"अप्पा, उद्यापासून येऊ नका. पोरं मला हसतात."

आज गेलो नाही. कारखान्यातच फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी तशीच परत बांधून ठेवली.

तू खुशाली कळव.

यशवंत